पाळीव प्राण्याला घेऊन प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा-मांजर घेऊन लांबच्या प्रवासाला निघणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी आणले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. यातल्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: प्रवास सुखाचा होणार की नाही हे निघायच्या आधीच्या आठवड्यांतच ठरतं. पिंजरा, पट्टा, गाडीचा आवाज हे सगळं प्राण्याच्या ओळखीचं झालं असेल, तर वाटेत फारसं काही करावं लागत नाही.

१. तयारी किती आधीपासून सुरू करायची?

गाडीने काही तासांवर जायचं असेल तर तीन-चार आठवडे पुरतात. त्यातला बराचसा वेळ पिंजऱ्याची आणि गाडीची सवय लावण्यात जातो. देशातल्या देशात विमानाने जायचं असेल तर दोन महिने हाताशी ठेवा, कारण एका विमानात किती प्राणी घ्यायचे यावर मर्यादा असते आणि ती जागा लवकर भरते. परदेशी जायचं असेल तर सहा-सात महिने आधीच सुरुवात करा. तिथे घाई करून काहीही साधत नाही, कारण वाट पाहण्याचे दिवस कायद्यानेच ठरवलेले असतात (प्रश्न १६).

२. त्याला सोबत न्यावं की घरी ठेवावं, हे कसं ठरवायचं?

प्रवास कोणासाठी आहे, हे आधी स्वतःला विचारा. घर बदलताय, महिनाभरासाठी जाताय किंवा मागे सांभाळणारं कोणीच नाही, तर न्यायलाच हवं. दोन-तीन दिवसांच्या लग्नकार्यासाठी किंवा दिवसभर फिरण्यासाठी जात असाल, तर कुत्र्याचा तो सगळा वेळ अनोळखी खोलीत एकट्याने जाणार आहे. अशा वेळी न नेणंच बरं.

मांजरांच्या बाबतीत माझं मत आणखी ठाम आहे. मांजर माणसांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, जागेला धरून असतं. ओळखीचं कोणी रोज दोन वेळा येऊन खाणंपाणी बघणार असेल आणि शीचा ट्रे साफ करणार असेल, तर छोट्या सुट्टीसाठी मांजराला घरीच राहू द्या.

व्यायला झालेली मादी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला प्राणी, ताप किंवा जुलाब सुरू असलेला प्राणी आणि लसी पूर्ण न झालेलं पिल्लू यांना टाळता येईल तोवर प्रवास घडवू नये.

३. निघण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

फक्त ‘प्रमाणपत्र द्या’ म्हणून जाऊ नका. कुठे जाताय, किती दिवसांसाठी, कशाने आणि तिथलं हवामान कसं, हे सगळं सांगा. त्यावरून डॉक्टर हृदय आणि फुप्फुसं तपासतील, रेबीजसह बाकीच्या लसींच्या तारखा बघतील आणि त्या भागात गोचीड, डास किंवा वाळूमाशीचा त्रास असेल तर त्यावर आधीच औषध देतील. गोचिडीतून बॅबेसिया, डासांतून हृदयातला जंत आणि वाळूमाशीतून लेशमॅनिया पसरतो. हे आजार एखाद्या भागात सर्रास असतात आणि दुसरीकडे कोणी ऐकलेलेही नसतात.

रेबीजची लस आजच टोचली आणि उद्या निघालो असं चालत नाही. पहिल्या लसीनंतर संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि अनेक देश २१ दिवसांनंतरच ती ग्राह्य धरतात. आरोग्य प्रमाणपत्राचं मात्र उलट असतं, ते ताजं लागतं. बऱ्याच ठिकाणी प्रवासाआधीच्या १० दिवसांतलं मागतात.

४. पिंजरा किती मोठा घ्यायचा?

प्राण्याला आत नीट उभं राहता, बसता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. विमानासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम आहेत आणि माप घ्यायची पद्धत ठरलेली आहे:

- लांबी: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं
- रुंदी: खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट
- उंची: उभं असताना डोक्याच्या किंवा कानांच्या टोकापर्यंत, जे वर असेल ते, आणि त्यात अंथरुणाची जाडी

समजा कुत्रा नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ६० सेंटिमीटर आहे, कोपर ३० सेंटिमीटरवर, खांदे १८ सेंटिमीटर रुंद आणि कान ५५ सेंटिमीटरवर. मग पिंजरा आतून किमान ७५ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि ५५ अधिक अंथरुणाइतका उंच हवा. चपट्या नाकाच्या जातींसाठी ही मापं १० टक्क्यांनी वाढवतात.

माप कुत्रा उभा असताना घ्या, एकाने समोरून त्याचं लक्ष गुंतवा आणि दुसऱ्याने टेप धरा. झोपलेल्या कुत्र्याचं घेतलेलं माप हमखास चुकतं. आणखी एक, गाडीसाठी पिंजरा फार ऐसपैस घेऊ नका. ब्रेक लागला की मोकळ्या जागेत प्राणी आदळतो.

५. आमचं मांजर कॅरियर दिसताच पलंगाखाली पळतं. काय करावं?

ते कॅरियर फक्त डॉक्टरांकडे जाताना बाहेर निघतं, म्हणून. आजच ते काढून, झाकण काढता येत असेल तर काढून, मांजराच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवा. आत त्याच्याच अंगाचा वास असलेली जुनी चादर घाला. रोज एखादा खाऊ आत टाका आणि बाजूला व्हा. मांजर आत जाऊन बसू लागलं की झाकण बसवा, मग दार क्षणभर लावून उघडा, मग काही मिनिटं लावा, मग उचलून घरातल्या घरात एक फेरी मारा. पुढची पायरी घ्यायची की नाही हे मांजराच्या वागण्यावरून ठरवा. ते मान आखडून बसलं, कान मागे गेले किंवा खाऊला तोंड लावलं नाही, तर एक पायरी मागे या.

नवीन घेणार असाल तर वरूनही उघडणारं घ्या. घाबरलेल्या मांजराला समोरच्या दारातून ओढून काढण्यापेक्षा वरून दोन्ही हातांनी उचलणं दोघांनाही सोपं जातं. निघताना कॅरियरवर पातळ कापड टाका, हवेसाठी एक बाजू उघडी ठेवा. दिसणं कमी झालं की बरीच मांजरं शांत होतात. मांजरांच्या गालावरच्या गंधाची नक्कल करणारा फवारा मिळतो, तो निघण्याच्या १५ मिनिटं आधी चादरीवर मारून ठेवावा. मांजर आत असताना मारू नका.

६. गाडीत कुत्र्याला कुठे आणि कसं बसवायचं?

मागच्या सीटवर, छातीच्या हार्नेसने सीटबेल्टला अडकवून, किंवा घट्ट बांधलेल्या पिंजऱ्यात. गळ्याच्या पट्ट्याला दोरी अडकवू नका, ब्रेकबरोबर सगळा झटका मानेवर येतो. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर लहान कुत्रा जिवानिशी जाऊ शकतो.

बाजारात हार्नेस पुष्कळ आहेत, पण टक्कर झाल्यावर टिकतील असे थोडेच. अमेरिकेतली सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था हार्नेस आणि पिंजऱ्यांची टक्कर-चाचणी करून निकाल जाहीर करते. विकत घेण्याआधी तिथली नावं बघून घ्यावीत.

खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा बघायला छान वाटतो, पण धूळ, खडे आणि किडे थेट डोळ्यांत जातात. काच चार बोटं उघडी पुरे. मांजर गाडीत कधीही मोकळं सोडू नका. घाबरलं की ते सर्वांत अंधाऱ्या जागी शिरतं, आणि ती जागा ब्रेकच्या पायाशी असते.

७. गाडीत बसला की कुत्रा उलटी करतो. औषध द्यावं का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पिल्लांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्यांना गाडी लागते. वर्षभरात बऱ्याच जणांचा हा त्रास आपोआप जातो. मोठ्या कुत्र्याला होत असेल तर अनेकदा मळमळीत भीतीही मिसळलेली असते.

उलटीच्या आधी खुणा दिसतात: वारंवार जांभया, ओठ चाटणं, लाळेच्या तारा, कण्हणं, जागा बदलत राहणं. त्या दिसताच गाडी थांबवा, खाली उतरवा, पाच-दहा मिनिटं चालवा. सवयीसाठी पहिले काही दिवस नुसतं बंद गाडीत बसवून खाऊ द्या. मग इंजिन सुरू करून बसा. मग गल्लीच्या टोकापर्यंत जा, आणि शेवट नेहमी त्याच्या आवडीच्या जागी करा.

एवढं करूनही थांबलं नाही तर डॉक्टर मारोपिटंट देतात. ते मळमळीवर चांगलं काम करतं आणि त्याने गुंगी येत नाही. निघण्याच्या साधारण दोन तास आधी ते थोड्याशा खाण्याबरोबर देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्या. तुमच्या स्वतःच्या प्रवासाच्या गोळ्या देऊ नका.

८. निघण्याआधी खायला कधी द्यायचं? पाणी बंद करायचं का?

पाणी कधीच बंद करायचं नाही. कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरच्या वर, आणि उन्हात त्याहून जास्त. वाटेत थोडं थोडं पाजा. शक्य असेल तर घरचं पाणी सोबत घ्या, कारण पाणी बदललं की काहींचं पोट बिघडतं.

खाणं मोठ्या कुत्र्याला आणि मांजराला निघण्याच्या तीन-चार तास आधी, नेहमीपेक्षा कमी द्या. चिमुकल्या जातींची पिल्लं फार वेळ उपाशी राहिली तर रक्तातली साखर घसरते, त्यांना वाटेत चिमूटभर खाणं लागतं. सशाला उपाशी ठेवायचंच नाही (प्रश्न १९). नवीन ब्रँडचं खाणं प्रवासाच्या आठवड्यात सुरू करू नका.

९. वाटेत किती वेळा थांबायचं?

कुत्र्यासाठी दर दोन-तीन तासांनी, पंधरा-वीस मिनिटं. दार उघडण्याच्या आधी पट्टा हातात घ्या. हा क्रम चुकला की अपघात होतात: दार उघडतं, कुत्रा उडी मारतो आणि रस्त्यावर असतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीही, हा नियम पाठ करावा.

मांजराला कॅरियरमधून बाहेर काढू नका. बरीच मांजरं आठ-दहा तास सू-शी धरून ठेवतात. कॅरियरमध्ये शोषून घेणारं पॅड अंथरा आणि एक जादा ठेवा. मोठा मुक्काम असेल तर गाडीची सगळी दारं-खिडक्या बंद आहेत हे पाहून छोटा ट्रे पुढे करा. बोका ताणून बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ती प्रवासाची धास्ती समजू नका. मूत्रमार्ग अडला असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

१०. काच थोडी उघडी ठेवून पाच मिनिटांसाठी गाडीत सोडलं तर चालेल ना?

नाही. बाहेर २२ अंशांचं सुखद हवामान असलं तरी उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात ४० च्या वर जातं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी उघडी ठेवल्याने यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. सावली सरकते, रांग लांबते, पाच मिनिटांची वीस होतात. एसी सुरू ठेवून जाण्याचाही सल्ला देणार नाही, कारण इंजिन बंद पडलं तर आतल्या प्राण्याला काही करता येत नाही. एकटे प्रवास करत असाल तर जिथे प्राण्याला आत नेता येतं अशाच थांब्यांची यादी आधी करून ठेवा.

११. उष्माघात झालाय हे कसं ओळखायचं आणि लगेच काय करायचं?

कुत्र्याच्या शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ अंश असतं. थांबता न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळती चाल, उलटी, डोळ्यांतली शून्य नजर ही लक्षणं दिसली तर गार करायला तिथल्या तिथे सुरुवात करा. दवाखान्याकडे नंतर निघा. आधी पळापळ करून गरम गाडीत घालण्यात मोलाची मिनिटं जातात.

सावलीत आणा, अंगभर पाणी ओता, पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला विशेष, आणि वारा घाला. बर्फ शोधत बसू नका, जे पाणी हाती आहे ते त्याच्या अंगापेक्षा गारच असतं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्याच वेळात तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. थर्मामीटर ३९.५ च्या आसपास आला की पाणी थांबवा आणि निघा. वरवर सावरला तरी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा त्रास काही तासांनी उघड होतो.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेही गंभीरच समजा.

१२. प्रवासात शांत राहावा म्हणून झोपेचं औषध देऊ का?

विमानात, नको. एसप्रोमाझिनसारखी गुंगीची औषधं रक्तदाब खाली आणतात आणि शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करतात. शिवाय अंग सैल पडतं, पण भीती तशीच राहते. पिंजरा तिरका झाला तर असा प्राणी स्वतःला सावरूही शकत नाही. सामानकक्षात त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. म्हणूनच बहुतेक विमान कंपन्या गुंगी दिलेला प्राणी घेतच नाहीत.

गाडीच्या प्रवासासाठी किंवा केबिनमधल्या मांजरासाठी, भीती फारच असेल तर, डॉक्टर गॅबापेंटिन देतात. साधारण दोन-तीन तास आधी दिलं तर मांजर सैलावतं. दोन अटी पाळा: घरी सुट्टीच्या दिवशी एकदा देऊन बघा, कारण कोणावर किती चढेल हे आधी कळत नाही; आणि विमान असेल तर कंपनीला विचारून घ्या.

१३. विमानात कुत्रा माझ्याजवळ बसेल की सामानात जाईल?

आकार, विमान कंपनी आणि देश या तिन्हींवर ते ठरतं. अनेक कंपन्या बॅगेसकट सात-आठ किलोंपर्यंतचा प्राणी केबिनमध्ये, पुढच्या सीटखाली ठेवू देतात. त्याहून मोठा असेल तर तो सामानकक्षात जातो. हा कक्ष हवेचा दाब आणि तापमान राखलेला असतो. धोका जास्त असतो तो विमान जमिनीवर असताना, उन्हात तापलेल्या फरशीवर पिंजरा ठेवलेला असतो तेव्हा. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या, हिवाळ्यात दुपारचं. विमान मध्ये बदलावं लागणार नाही असं बघा.

अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्या बाहेर सुमारे २९ अंशांच्या वर तापमान गेलं की प्राणी चढवतच नाहीत, हे तिकीट काढण्याआधी विचारात घ्या. ब्रिटनमध्ये तर विमानाने येणारा कुत्रा-मांजर मदतनीस कुत्र्यांचा अपवाद सोडल्यास मालवाहतुकीनेच यावं लागतं, आकार कितीही लहान असो.

पिंजऱ्याच्या वाटीत आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवा. चढवताना सांडत नाही आणि पुढे हळूहळू वितळत राहतं.

१४. आमच्याकडे पग आहे. विमान कंपनी नाही म्हणते. का?

पग, बुलडॉग, पेकिंगीज, मांजरांत पर्शियन आणि हिमालयन यांचं नाक चपटं, नाकपुड्या अरुंद आणि घशातला मऊ पडदा लांब असतो. कुत्रा धाप टाकून गार होतो. यांना शांत बसूनही श्वास घ्यायला कष्ट पडतात, मग उष्णता आणि ताण वाढला की श्वासमार्ग सुजतो आणि आणखी अरुंद होतो. सामानकक्षात या जातींचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त झालेले आहेत. कंपनीचा नकार हा तुमच्या कुत्र्याच्या बाजूनेच आहे. केबिनमध्ये घेतात का बघा, नाहीतर रस्त्याने जा. दुसरी एखादी कंपनी सामानात घ्यायला तयार आहे म्हणून तिकडे वळू नका.

१५. सुरक्षा तपासणीत मांजराला कॅरियरबाहेर काढायला लावतात. निसटलं तर?

कॅरियर एक्स-रे यंत्रातून जातं, प्राणी नाही, त्यामुळे बाहेर काढावंच लागतं. रांगेत शिरण्याआधी बंद खोलीत तपासणी करायची विनंती करा. अनेक विमानतळांवर ती सोय असते. मांजराला घरूनच अंगाला बसलेलं हार्नेस घाला आणि त्याची सवय आठवडाभर आधी लावा. पट्ट्याचं टोक मनगटाला गुंडाळा, मांजर छातीशी धरा, मागचे पाय आधाराला घ्या. हार्नेसला धातूची कडी कमी असेल तर यंत्र वाजत नाही आणि वेळ वाचतो.

१६. परदेशात नेण्यासाठी काय काय लागतं?

नियम जिथे जायचं त्या देशाचे लागतात, आणि वाटेत उतरणार असाल तर त्याही देशाचे. तरी साखळी बहुतेक ठिकाणी सारखीच आहे: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग काही देशांसाठी रक्ततपासणी, मग ठरलेले दिवस थांबणं, शेवटी सरकारी शिक्क्याचं आरोग्य प्रमाणपत्र.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, आयएसओ मानकाची आणि १५ अंकी क्रमांकाची हवी. रक्ततपासणीत रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं दर मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात. पुढचा हिशेब देशागणिक बदलतो:

युरोपीय संघात लस टोचताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं आणि त्यानंतर २१ दिवस जावे लागतात. म्हणजे साधारणपणे १५ आठवड्यांच्या आतलं पिल्लू जाऊ शकत नाही. संघाच्या यादीत नसलेल्या देशातून जाणाऱ्यांना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त द्यावं लागतं आणि रक्त दिल्यापासून तीन महिने थांबावं लागतं.

जपान रेबीजमुक्त आहे. रेबीज असलेल्या देशातून जाताना रक्त दिल्यापासून १८० दिवस थांबायचं असतं. ते पूर्ण न करता पोचलात तर उरलेले दिवस प्राणी तिथल्या विलगीकरणात काढतो. ऑस्ट्रेलियात न्यूझीलंडसारखे मोजके अपवाद सोडले तर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान १० दिवस राहावंच लागतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप लावलेला असण्याची अट घातली आहे, सोबत एक ऑनलाइन अर्जही भरावा लागतो.

ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांसाठी कुत्र्याला पट्टकृमीचं औषध पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांकडून दिलेलं असावं लागतं. विमान उशिरा सुटून हा अवधी टळतो, म्हणून ते अगदी शेवटच्या टोकावर ठेवू नका.

नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी पानावरच बघा, ओळखीच्यांच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका.

१७. रेबीजची लस आधी दिली आणि चिप नंतर बसवली. चालेल का?

अनेक देशांत चालत नाही. लस नेमक्या याच प्राण्याला दिली हे चिपवरूनच सिद्ध होतं. चिपच्या आधीची लस ते धरतच नाहीत. तेव्हा लस पुन्हा द्या आणि दिवस नव्याने मोजा. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर डॉक्टरांना सांगा: चिप आधी, तिचा क्रमांक वाचून कागदावर लिहा, मग सुई.

बूस्टरची तारीख एक दिवसाने जरी चुकली, तरी पुढची लस ‘पहिली’ धरली जाते आणि रक्ततपासणीची वैधताही जाते. वेळेवर बूस्टर देत राहिलात तर युरोपीय संघासाठी एकदा उत्तीर्ण झालेली तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

१८. परत मायदेशी आणतानाही हेच सगळं करावं लागतं का?

अनेकदा, हो, आणि लोक हे विसरतात. परतीचे नियम निघण्याच्या आधीच वाचा, कारण काही गोष्टी घरीच सोप्या असतात. उदाहरणार्थ, युरोपीय संघातून रेबीजचा धोका असलेल्या देशात जाऊन परतायचं असेल, तर रक्ततपासणी निघण्याआधी करून प्राण्याच्या पासपोर्टवर नोंदवावी. मग परतताना तीन महिने थांबावं लागत नाही.

१९. ससा, पोपट, कासव यांचं काय?

सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. उपाशी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. वाळलेलं गवत कायम समोर हवं, पाण्यासाठी ओली पालेभाजी. १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या आल्या नाहीत तर डॉक्टर गाठा. ससे उष्णतेने फार लवकर कोलमडतात.

पक्ष्याच्या पिंजऱ्यातले झोके, घुंगरू काढा, बसण्याची दांडी खाली आणा, तीन बाजूंनी कापड टाका. मुक्कामाच्या स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, कारण तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात.

सीमा ओलांडताना साइटिस हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आडवा येतो. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून त्याच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे, घरचा असला तरी परवान्याशिवाय तो नेता येत नाही. बजरीगर आणि कॉकटिएल या करारात नाहीत, पण त्या त्या देशाचा स्वतःचा कायदा असतोच. कासवांचंही तसंच: जात नेमकी ओळखून घेतल्याशिवाय हलवू नका.

२०. कुत्रा म्हातारा आहे आणि रोज इन्सुलिन घेतो. नेता येईल?

साखर स्थिर असेल तर येईल. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका आणि सामानात सोडू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. औषधाची चिठ्ठी आणि सुया एकत्र असू द्या. वेळेचा पट्टा बदलत असेल तर मात्रांमधलं अंतर कसं सरकवायचं हे डॉक्टरांकडून तासांसकट लिहून घ्या. कुत्र्याने खाल्लं नाही तर नेहमीची मात्रा देऊ नका, आधी फोन करा.

सांधे दुखणाऱ्याला उतरण्यासाठी उतरती फळी आणि जाड अंथरूण द्या. ऐकू कमी येणाऱ्या कुत्र्याला झोपेत अचानक हात लावू नका.

२१. मुक्कामाच्या खोलीत पोचल्यावर आधी काय करायचं?

त्याला आत सोडण्याआधी एक फेरी तुम्ही मारा. पलंगाखाली उंदराचं विष, उघड्या वायरी, जाळी नसलेली खिडकी, फुलदाणीतली लिली हे बघा. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. मांजराला पहिल्या दिवशी एकाच छोट्या खोलीत, ट्रे, पाणी आणि उघड्या कॅरियरसह ठेवा. ते लपलं तर लपू द्या.

२२. अनोळखी गावात हरवलं तर?

चिप म्हणजे जीपीएस नव्हे. ती यंत्राने वाचल्यावर फक्त क्रमांक देते, आणि त्या क्रमांकासमोर तुमचा जुना फोन असेल तर उपयोग शून्य. निघण्याआधी नोंद तपासा. गळ्यातल्या बिल्ल्यावर देशाच्या कोडसह चालू फोन लिहा. तुम्ही आणि प्राणी एकत्र असा आणि अंगावरची खूण दिसेल असा ताजा फोटो फोनमध्ये ठेवा.

हरवल्यावर सर्व दिशांना हाका मारत धावू नका. भेदरलेला प्राणी मालकाच्या आवाजालाही पळतो. मांजर सहसा निसटलं त्या जागेच्या अगदी जवळच दडलेलं असतं. रात्री शांत झाल्यावर टॉर्च घेऊन खालच्या फटी बघा, डोळे चमकतात. कुत्रा दिसला तर पाठलाग न करता खाली बसा, बाजूला तोंड करा आणि खाऊ टाका.

२३. औषधपेटीत काय असावं?

रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, गॉज, चिकटपट्टी, सलाइन, गोचीड काढायचा चिमटा, डिजिटल थर्मामीटर, जादा पट्टा, तोंडाला बांधायची मऊ पट्टी (दुखावलेला शांत कुत्राही चावतो), लसींच्या कागदांचे फोटो आणि वाटेवरच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यांचे पत्ते.

माणसांची वेदनाशामकं प्राण्याला देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं आणि आयबुप्रोफेन कुत्रा-मांजर दोघांनाही घातक आहे. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-औषध मांजराला लावू नका. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) असलेलं च्युइंगम पिशवीच्या ज्या कप्प्यात कुत्र्याचं नाक पोचतं तिथे ठेवू नका.

२४. परत आल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?

पहिले दोन-तीन दिवस थोडं मऊ पोट किंवा जास्त झोप चालेल. रक्ती जुलाब, सतत उलट्या किंवा खाणं बंद झालं तर थांबू नका. घरी येताच कानांच्या मागे, बोटांच्या मधे आणि शेपटीखाली गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल लावू नका.

गोचिडीचे आजार आठवड्यांनीही डोकं वर काढतात: ताप, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी. लेशमॅनिया तर महिन्यांनी किंवा वर्षांनीही दिसतो, डोळ्यांभोवतीचे केस गळण्यापासून. म्हणून पुढे कधीही दवाखान्यात गेलात तर कुठे आणि कोणत्या महिन्यात जाऊन आलात हे डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि त्याच्या लसीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा.